वाचकांचे प्रश्न : प्लगच्या वायरी घरी बदलता येतील का?

प्रश्न : आमच्याकडे कार्ब्युरेटरची जुनी ओम्नी असून ती पेट्रोल आणि एलपीजी अशा दोन्हींवर चालते. सपाटीवर ती व्यवस्थित धावते. मात्र कन्नड घाट चढताना, विशेषतः गॅसवर, मिसिंग करते, म्हणजे मधूनमधून एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटतच नाही, आणि धक्के देते. पावसाळ्यात सकाळी सुरू केल्यावरही ती काही वेळ थरथरत राहते. कार्ब्युरेटर साफ करून घेतला, प्लग नवे टाकले, तरी फरक नाही. आता गॅसकिट बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. त्याआधी प्लगच्या वायरी मी घरीच बदलून पाहू का?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : अवश्य पाहा. आपण सांगितलेली तिन्ही लक्षणे, म्हणजे चढावर, गॅसवर आणि दमट हवेत होणारे मिसिंग, किटपेक्षा वायरींकडेच अधिक बोट दाखवतात. चढावर अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाच्या सिलिंडरमध्ये इंधन आणि हवेचे जास्त मिश्रण शिरते, तेथील दाब वाढतो आणि प्लगच्या फटीतून ठिणगी उडवण्यासाठी अधिक व्होल्टेज लागते. गॅसच्या मिश्रणाला तर ते पेट्रोलपेक्षाही जास्त लागते. ठिबकच्या नळीचे तोंड चोंदले की पाणी जसे नळीच्या जुन्या चिरेतून फुटून निघते, तसा हजारो व्होल्टचा हा विद्युतदाब वायरीच्या तडकलेल्या आवरणातून इंजिनाच्या धातूकडे वाट काढतो आणि त्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडतच नाही. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली बंदिस्त जागेत असते. खान्देशातील उन्हाळ्यात तेथे साठणाऱ्या उष्णतेने वायरींचे आवरण आणि टोकांच्या रबरी टोप्या कडक होऊन तडकतात, आणि पावसाळ्यात त्याच चिरांमध्ये ओल धरते.

खात्री करण्यासाठी गाडी रात्री मोकळ्या अंगणात न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून उभी करावी. गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून आणि गॅसचा वास येत नाही हे पाहूनच इंजिन पेट्रोलवर सुरू करावे आणि वायरींवर दुरूनच फवारणीच्या बाटलीने पाण्याचा अगदी बारीक फवारा मारावा. अंधारात निळसर ठिणग्या चमकल्या किंवा इंजिन अडखळले, तर दोष सापडला असे समजावे. चालू इंजिनाची वायर हाताने काढून सिलिंडर तपासण्याची पद्धत अनेक गॅरेजांत दिसते. ती मुळीच अनुसरू नये. तिने जबर झटका बसतो, ठिणगीसाठी हजारो व्होल्ट तयार करणाऱ्या कॉइलवर ताण येतो आणि गॅसच्या गाडीत उघडी ठिणगी धोक्याची असते. ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे, त्यांनी या कामाजवळ थांबूच नये.

आपल्या तीन सिलिंडरच्या इंजिनाला प्लगच्या तीन आणि कॉइलपासून डिस्ट्रिब्यूटरपर्यंतची (म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या भागापर्यंतची) एक, अशा चार वायरी लागतात. एकच खराब दिसली तरी चारही एकत्र बदलाव्यात, कारण त्यांचे वय सारखेच असते. मीटरवर कापून मिळणारी तांब्याच्या गाभ्याची स्वस्त वायर घेऊ नये. रेझिस्टन्स असलेला, आपल्या मॉडेलचा तयार सेटच मागावा. तांब्याच्या वायरीमुळे रेडिओत खरखर येते आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असलेल्या गाड्यांत तिचा त्रास त्याहून अधिक होतो.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून काम सुरू करावे. या कामातील सर्वात महत्त्वाचा नियम म्हणजे एका वेळी एकच वायर काढणे, तिच्या लांबीची नवी वायर निवडणे आणि ती दोन्ही टोकांना पक्की बसल्यावरच पुढच्या वायरीला हात लावणे. एवढे पाळले की क्रम चुकण्याचा प्रश्नच उरत नाही. काढताना वायर ओढू नये, तर रबरी टोपी धरून थोडी पिळावी आणि सरळ वर घ्यावी. टोपी काढण्याआधी प्लगभोवतीची धूळ फुंकून साफ करावी. नव्या टोपीच्या आत सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर दिल्यास ओल शिरत नाही आणि पुढच्या वेळी टोपी सहज निघते. वायर बसताना ‘टक्’ असा आवाज येतो. तो आला नाही, तर पुन्हा दाबून पाहावे. शेवटी सर्व वायरी मूळ क्लिपांमध्ये अडकवून एक्झॉस्टपासून दूर ठेवाव्यात. डिस्ट्रिब्यूटरची कॅप उघडून आत हिरवट थर, कोळशासारखी रेघ किंवा तडा दिसतो का, हेही याच वेळी पाहावे, कारण तसे असेल तर नव्या वायरींनीही मिसिंग थांबणार नाही.

प्रश्न : माझ्या जुन्या पद्मिनी मोटारीच्या प्लगच्या वायरी बदलल्यानंतर गाडी सुरूच होत नाही, उलट कार्ब्युरेटरमधून भडका येतो.
— एक वाचक, धुळे

उत्तर : दोन वायरींची अदलाबदल झाली असावी. भडका येत असताना सेल्फ पुन्हा पुन्हा मारू नये. आपल्या इंजिनाच्या सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम १-३-४-२ आहे. डिस्ट्रिब्यूटरची कॅप काढून, कॉइलची मोठी वायर इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवून ठेवावी, कोणाला तरी क्षणभर सेल्फ मारायला सांगावे आणि कॅपखालचा फिरता भाग, म्हणजे रोटर, कोणत्या दिशेने फिरतो ते पाहावे. नंतर कॅपवरील पहिल्या सिलिंडरच्या जागेपासून त्याच दिशेने १, ३, ४, २ अशा वायरी लावाव्यात.

प्रश्न : माझ्या नव्या पेट्रोल गाडीत या वायरी दिसतच नाहीत. मिसिंग झाल्यास काय तपासावे?
— एक वाचक, शहादा

उत्तर : बहुतेक नव्या पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल थेट बसवलेली असते, त्यामुळे वायरींची गरज उरत नाही. गाडीतील दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पहिल्या सिलिंडरच्या मिसिंगचा पी०३०१ हा कोड आला, तर इंजिन बंद व थंड असताना त्याची कॉइल दोन नंबरच्या सिलिंडरच्या कॉइलशी बदलावी आणि कोड पुसून गाडी पुन्हा चालवावी. कोड पी०३०२ झाला, तर कॉइल खराब आहे. तो पी०३०१ च राहिला, तर आधी प्लग आणि मग इंजेक्टर तपासून घ्यावा.