मध्ययुगीन युरोपातल्या दागिन्यांवर कोणत्या स्त्री इतिहासकाराचं काम वाचावं?

जोन इव्हान्स (1893–1977). दुसरं नाव माझ्या मनात येत नाही. ग्रीसमधल्या क्रीट बेटावरच्या क्नोसॉस या प्राचीन नगराचं उत्खनन करणारे आर्थर इव्हान्स त्यांचे सावत्र भाऊ, पण बाईंची ओळख पूर्णपणे स्वतःची. प्राचीन वस्तू आणि इतिहासाच्या अभ्यासकांची संस्था असलेल्या लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजच्या त्या पहिल्या महिला अध्यक्षा झाल्या, 1959 मध्ये. ही संस्था 1707 पासूनची, यावरून काय ते समजा!

सुरुवात 1922 च्या ‘मॅजिकल ज्वेल्स’पासून करा. दागिना म्हणजे नुसती श्रीमंती नव्हे, तो ताईतही होता, हे त्यातून कळतं. आता ‘टोडस्टोन’च घ्या. तपकिरी, गुळगुळीत, बटणाएवढा खडा. तो भेकाच्या, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकाच्या, डोक्यातून निघतो आणि विष जवळ आलं की तापतो, अशी समजूत होती. म्हणून अंगठीचं कोंदण कधी कधी मागून उघडं ठेवत, खडा थेट बोटाला टेकावा म्हणून. प्रत्यक्षात तो खडा म्हणजे एका प्राचीन माशाचा अश्मीभूत दात! अशी अंगठी पाहिली की ती घालणाऱ्याची जेवणाच्या ताटापुढची भीती जाणवते, आणि मला तरी ती सोन्याच्या वजनापेक्षा मोलाची वाटते.

रत्नांच्या गुणांवरचे जुने इंग्रजी ग्रंथही त्यांनी मेरी सर्जन्टसन यांच्यासह संपादित केले (1933). ते जरा जड आहेत, नंतर वाचा. 1100 ते 1870 पर्यंतचा दागिन्यांचा सलग इतिहास हवा असेल तर त्यांचं 1953 चं पुस्तक घ्या. लंडनला जाणं झालं तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जरूर जा, आपला दागिन्यांचा संग्रह त्यांनी तिथेच दिला.