मुंबईत सरकार स्वस्त भाड्याची घरं का बांधत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दर काही वर्षांनी सरकार लाखो घरांचं उद्दिष्ट जाहीर करतं, मग स्वस्त भाड्याचं सरकारी घर मुंबईत कुठेच का मिळत नाही, ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहराला जमलं ते आपल्याला का जमू नये, आणि भाडं भरायला सरकारची काही मदत मिळते का? मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजना आणि जुन्या चाळींच्या पुनर्विकासाच्या फायली बघतो. त्यामुळे उत्तर कागदाच्या बाजूने देतोय.

आधी एक गंमत. हा प्रयोग मुंबईने व्हिएन्नाच्या आधी सुरू केला. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे आपलं बीडीडी, स्थापन झालं. शहरात येणाऱ्या कापसावर खास कर लावून गिरणी कामगारांसाठी भाड्याच्या ५० हजार खोल्या बांधायच्या, असं ठरलं. प्रत्यक्षात झाल्या २०७ चाळी आणि सुमारे १६ हजार खोल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी. एक खोली १६० चौरस फुटांची. व्हिएन्नाने १९२३ मध्ये घरांसाठी वेगळा कर बसवला, पाच वर्षांत २५ हजार घरांचं उद्दिष्ट ठेवलं आणि ते मुदतीआधीच गाठलं. १९३४ पर्यंत तिथे ६० हजारांच्या वर घरं उभी होती.

पैसा दोन्हीकडे करातून आला, काळही तोच. मग फरक कुठे पडला? माझ्या मते दोन ठिकाणी. व्हिएन्नाने भाडं देखभालीचा खर्च निघेल एवढंच ठेवलं, बांधकामाचा पैसा भाड्यातून वसूल करायचाच नाही असं ठरवून. मुंबईत खोल्या कामगाराला परवडेनात, वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब पडायची, आणि कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या. पुढे सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या काही चाळींचा चक्क तात्पुरता तुरुंग केला. दुसरा फरक मताचा. व्हिएन्नात १९१९ पासून प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत होतं. मुंबई महापालिकेत मताचा हक्क तुम्ही भाडं किती भरता यावर ठरायचा आणि बहुतेक गिरणी कामगार त्या रेषेच्या खालीच होते. ज्याच्यासाठी घर बांधायचं, त्याला विचारायचं कारणच नव्हतं.

आता कामगाराला मत आहे. म्हणून गणित उलटं झालं. भाडेकरूला मालक केलं की तो ते आयुष्यभर लक्षात ठेवतो. भाडं वाढवलं तर तेही तेवढंच लक्षात ठेवतो. त्यामुळे कुठल्याही पक्षाचं सरकार आलं तरी सरकारी भाड्याचं घर शेवटी मालकीचं होतं. सरकारच्या हौसिंग बोर्डाने स्वातंत्र्यानंतर कामगारांसाठी भाड्याच्या वसाहती बांधल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच नंतर रहिवाशांच्या सोसायट्यांच्या नावावर झाल्या. बीडीडीतली भाडी नाममात्र राहिली, दुरुस्तीला पैसा नाही, आणि आता पुनर्विकासात १६० फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० फुटांचं मालकीचं घर फुकट मिळतं. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या. त्या माणसांना घर मिळालं याचा मला आनंदच आहे, तीन पिढ्या त्यांनी त्या एका खोलीत काढल्यात. पण मुंबईतली भाड्याची १६ हजार सरकारी घरं त्याबरोबर हिशेबातून गेली, हेही खरं. त्यांच्या जागी भाड्याची नवी १६ हजार कुठेच येत नाहीयेत.

खाजगी मालकांचं तर १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानेच कंबरडं मोडलं. भाडं १९४० च्या पातळीला गोठवलं, मग कोण कशाला भाड्याने द्यायला इमारत बांधेल? १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ मान्य केली, तोवर पागडी, म्हणजे एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यात राहायची पद्धत, मुरलेली होती. देशभरचं चित्रही तसंच आहे. १९६१ साली शहरांतली निम्म्याहून जास्त कुटुंबं भाड्याच्या घरात होती, २०११ च्या जनगणनेत ती २८ टक्क्यांवर आली. त्याच जनगणनेत एकट्या मुंबईत पावणेपाच लाखांच्या आसपास घरं रिकामी निघाली!

अलीकडचा प्रयत्न एमएमआरडीएचा, म्हणजे मुंबई महानगर प्रदेशाच्या विकास प्राधिकरणाचा. २००८ ची भाडेतत्त्वावरील घरांची योजना. बिल्डरला चार एफएसआय, म्हणजे जमिनीच्या चौपट बांधकामाची परवानगी द्यायची, त्याने जमिनीच्या एका भागावर १६० फुटांची घरं बांधून एमएमआरडीएला फुकट द्यायची आणि ती स्वस्तात भाड्याने जायची. कागदावर उत्तम. पण भाडं गोळा कोण करणार, लिफ्ट बिघडली तर कोण बघणार, भाडं थकवणाऱ्याला बाहेर कोण काढणार, यातल्या एकाचंही उत्तर त्या कागदात धडपणे नव्हतं. योजना काही वर्षांतच बदलली. पनवेलजवळच्या कोनमधली घरं दोन-दोन जोडून ३२० फुटांची केली आणि २०१६ च्या सोडतीत त्यातली २,४१७ घरं गिरणी कामगारांना सहा लाखांना विकायचं ठरलं. मधे करोनात ती विलगीकरणासाठी घेतली, खराब झाली, ताबा मिळायला सात-आठ वर्षं गेली. भाड्याचं घर म्हणून बांधलेलं घर इथेही विक्रीलाच गेलं.

केंद्राचंही तेच. प्रधानमंत्री आवास योजना जून २०१५ मध्ये ‘२०२२ पर्यंत सर्वांसाठी घरे’ म्हणत आली. शहरी भागाच्या चार घटकांत भाड्याचं घर नव्हतंच. २०२० च्या टाळेबंदीत मजूर चालत गावी निघाले तेव्हा कुठे भाड्याच्या घरांची योजना आठवली. सरकारकडे आधीच्या योजनेतली ८० हजारांहून जास्त घरं रिकामी पडून होती. त्यातली सहा हजारांच्या आतच भाड्याकडे वळली, बरीचशी चंडीगड आणि गुजरातमध्ये. २०२४ च्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याची घरं हा स्वतंत्र घटक आहे. राज्याच्या मे २०२५ च्या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत ३५ लाख घरं आहेत, त्यात नोकरदार महिला, विद्यार्थी, औद्योगिक कामगार यांच्या भाड्याच्या घरांचा उल्लेखही आहे. उल्लेख आहे एवढंच आज म्हणता येईल.

आता ज्या गोष्टीवर कुणी बोलत नाही ती. मुंबईत स्वस्त भाड्याची घरं आहेत, आणि भरपूर आहेत. ती झोपडपट्टीच्या माळ्यावर आहेत. खाली मालक, वर लोखंडी शिडी आणि दहा बाय दहाच्या खोलीत चार-पाच पोरं किंवा एखादं नवं लग्न झालेलं जोडपं. नव्याने शहरात आलेल्या माणसाचा पहिला पत्ता हाच असतो. झोपु योजना लागली की परिशिष्ट-२ तयार होतं, म्हणजे पात्र-अपात्रची यादी. त्यात खालच्या झोपडीधारकाचं नाव, त्याचे २००० च्या आधीचे पुरावे. २००० ते २०११ मधल्याला पैसे भरून घर. वर राहणारा भाडेकरू बहुतेक वेळा यादीत कुठेच नसतो, आणि त्याचं अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंटही नसतं. १९९५ साली ४० लाख झोपडीवासीयांना फुकट घरं म्हणून जी घोषणा झाली, तिच्या मागोमाग आलेल्या प्रत्येक टॉवरबरोबर असे कित्येक माळे जमीनदोस्त झाले. हिशेबात ‘इतकी घरं बांधली’ येतं. गेलेले माळे कुणी मोजत नाही. मी स्वतः यादी लावताना ते मोजलेले नाहीत, तसा रकानाच नाही.

भाड्याच्या मदतीबद्दल तुम्ही विचारलंत. परदेशात काही ठिकाणी कमी उत्पन्न बघून भाड्याचा काही भाग सरकार भरतं, तसं इथे नाही. इथे भाडं मिळतं ते घर पाडलं म्हणून. झोपु योजनेत ते बिल्डर देतो. पूर्वी वर्षभर देऊन थांबायचा आणि लोक वाऱ्यावर. आता दोन वर्षांचं आगाऊ जमा करायला लावतात, याने बराच फरक पडलाय. बीडीडीत संक्रमण शिबिर (काम होईपर्यंतचं तात्पुरतं घर) नको असेल तर म्हाडा, म्हणजे राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण, महिन्याला २५ हजार देते. वरळी-परळला त्यात काय मिळतं ते तुम्हीच बघा, लोक सरळ विरार-बदलापूरला जातात आणि मुलांची शाळा मधेच बदलते.

तुमच्या पुरतं सांगायचं तर म्हाडाच्या सोडतीकडे भाड्याचं घर म्हणून बघू नका, ती विक्री आहे. मुंबईत वार्षिक सहा लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर अत्यल्प गट, नऊपर्यंत अल्प, बारापर्यंत मध्यम. सर्वसामान्य माणसाने अर्ज द्यावा असा सरकारी भाड्याच्या घराचा काउंटर इथे मला माहीत नाही. कुणी एजंट ‘म्हाडाची रूम भाड्याने, सरकारी रेटमध्ये’ म्हणून टोकन मागत असेल तर देऊ नका. खाजगी घर घेतलंत तर लिव्ह अँड लायसन्सची (भाडेकराराची) नोंदणी करून घ्या. ती करणं १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे घरमालकाची जबाबदारी आहे, आणि नोंदणी नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं. हे घरमालकाला नम्रपणे सांगून बघा, बहुतेक जण दुसऱ्या दिवशीच तयार होतात.