'प्रार्थनेत तत्पर राहा' : यात घाई कुठे आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "बायबलमधल्या रोमकरांस पत्रात (१२:१२) 'प्रार्थनेत तत्पर राहा' असं वाक्य आहे. तत्पर म्हणजे चटकन करणारा. मी एकाच गोष्टीसाठी कित्येक वर्षं प्रार्थना करते आहे. तत्परता माझ्याकडून चालू आहे, तिकडून काही नाही. इथे सरळ 'चिकाटी' का म्हटलं नाही? आणि उत्तराला 'उशीर' झाला असं म्हटलं तर चुकतं का?"

आधी 'तत्पर'. घाई या वाक्यात कुठेच नाही, ती आपल्या कानात आहे. तत्पर सेवा, तत्परतेने केलेली कारवाई असं ऐकून ऐकून आपण या शब्दाला वेग चिकटवला. मुळात तो तत् + पर असा आहे. 'ते'च ज्याच्या लेखी सर्वांत वरचं, म्हणजे त्यातच गढलेला, तो तत्पर. गीतेच्या चौथ्या अध्यायात 'तत्परः संयतेन्द्रियः' असं येतं, तिथेही चपळाईचा काही संबंध नाही. कर्तव्यपरायण मधला 'पर' हाच. (पारायण मात्र वेगळं. तिथे 'पार' आहे, म्हणजे पलीकडचा काठ. एकदा पोचलं की पारायण संपतं, तत्पर माणसाचं काही संपत नाही.) भाषांतरकाराने शब्द चांगलाच निवडला होता, वापरता वापरता तो आपल्या हातून घसरला.

मूळ ग्रीक क्रियापद प्रोस्कार्तेरेओ असं आहे. 'कार्तेरेओ' म्हणजे खंबीर राहणं, टिकणं, आणि 'प्रोस' म्हणजे एखाद्याच्या दिशेने, त्याला लागून. नव्या करारात हे क्रियापद दहा वेळा येतं. त्यांतल्या निम्म्या जागा प्रार्थनेशी जोडलेल्या नाहीत, आणि शब्द कळतो तो तिथेच. प्रेषितांची कृत्ये १०:७ मध्ये कर्नेल्य या रोमी सैन्याधिकाऱ्याच्या सतत हाताशी असणाऱ्या शिपायाला हा शब्द लावला आहे. मार्कच्या शुभवर्तमानात (३:९) गर्दी अंगावर येईल म्हणून येशू शिष्यांना एक होडी जवळ ठेवायला सांगतो, तिथेही हेच क्रियापद. त्या होडीला काम काय? काठाशी थांबून राहायचं. हाक येईल तेव्हा येईल, नाहीही येणार. त्या होडीला आपण चिकाटीची म्हणणार नाही, पण प्रोस्कार्तेरेओ ती करतेच आहे.

'चिकाटी'बद्दल माझी अडचण हीच आहे. शब्द अस्सल आहे, 'चिकट'च्या घरातला आहे, पण त्याचा सगळा उजेड माणसावर पडतो. अभ्यास, व्यवसाय, गिर्यारोहण यांत चिकाटी शोभते, कारण तिथे यश आलं तर ते तिच्यामुळे आलं असं म्हणता येतं. प्रार्थनेत तोच शब्द लावला की उत्तर न येणं ही चिकाटी कमी पडल्याची खूण ठरते, आणि आधीच थकलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक ओझं येतं.

मग लूकच्या शुभवर्तमानातल्या (अध्याय १८) दाखल्यातल्या विधवेचं काय, असं कुणी विचारेल. ती न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाते, तो कंटाळून न्याय देतो. तिच्यासाठी मराठीत नेमका शब्द आहे: तगादा. पण तगादा येणं असलेल्या गोष्टीचाच लावता येतो, आणि न्याय ही त्या न्यायाधीशाकडे तिची येणं असलेलीच गोष्ट होती. लूक ११ मधला मध्यरात्री भाकरी मागायला गेलेला मित्र तगादा लावू शकत नाही, कारण शेजारी त्याचं काही देणं लागत नाही. म्हणून तिथे मूळ शब्द वेगळा आहे, अनाइदेइआ, म्हणजे चक्क निर्लज्जपणा. हा निर्लज्जपणा कुणाचा, दाराबाहेरच्याचा की आतल्याचा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. बहुतेक भाषांतरं तो मागणाऱ्याला देतात. मराठीत आपण 'आग्रह' म्हणून त्याला जरा सभ्य कपडे घालतो. आग्रह तर जेवायला बसवताना यजमान करतो, अर्ध्या रात्री दार वाजवणारा नाही!

लूक १८ मध्ये आणखी एक शब्द आहे, आणि मराठीत तो मुळापेक्षाही सरस उतरला आहे असं मला वाटतं. दाखला कशासाठी सांगितला? सर्वदा प्रार्थना करावी आणि 'खचून जाऊ नये' म्हणून. खचणं हे जमिनीचं, भिंतीचं, बांधाचं क्रियापद आहे. कोसळताना आवाज होतो, सगळ्यांना दिसतं. खचताना वरून काही दिसत नाही, खालची माती हळूहळू सरकत असते. वर्षानुवर्षं उत्तराची वाट पाहणाऱ्याचं नेमकं हेच होतं. प्रार्थना चालू असते, शब्द तेच असतात, फक्त खालून काहीतरी गेलेलं असतं.

आता तुम्ही ज्याच्याकडे पाहिलंच नाहीत तिकडे येतो. त्या वाक्यातला कामाचा शब्द 'तत्पर' नाही, 'राहा' आहे. आणि त्याहून कामाचा 'प्रार्थनेत' मधला 'त'. लूक ११:९ मध्ये 'मागा, शोधा, ठोका' असं येतं. ग्रीकमध्ये ती आज्ञा चालू क्रियेची आहे. आपल्या साध्या 'मागा' मध्ये एकदा की अनेकदा ते कळत नाही, म्हणून अर्थ सांगताना 'मागत राहा' म्हणावं लागतं. 'राहणे' हे घरात राहण्याचंही क्रियापद आणि क्रिया चालू ठेवण्याचंही, ही मराठीची मोठी सोय आहे. पण 'मागत राहा' आणि 'प्रार्थनेत राहा' यांत फरक आहे. पहिल्यात मागणी धरलेली असते, दुसऱ्यात प्रार्थना. रोमकरांस पत्र लिहिणारा पौल शरीरातल्या काट्याबद्दल, म्हणजे त्याला सतत छळणाऱ्या एका पीडेबद्दल, तीनदा विनंती करतो (२ करिंथ १२:८). उत्तर येतं ते 'काटा काढतो' असं नव्हे, 'माझी कृपा तुला पुरे आहे' असं. ती मागणी तिथे थांबलेली दिसते. प्रार्थना थांबलेली नाही. कलस्सैकरांना प्रार्थनेत तत्पर असा, असं सांगणारं पत्र त्याच्याच नावावर आहे (४:२).

'उशीर' म्हणायला हरकत आहे का? शब्द म्हणून पाहिलं तर उशीर होण्यासाठी आधी वेळ ठरलेली लागते. गाडीला उशीर होतो कारण वेळापत्रक असतं. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (३:९) नेमकी याच शब्दावर हरकत आहे: काही लोक ज्याला उशीर म्हणतात तसा उशीर प्रभू आपल्या वचनाबाबत करत नाही. तिथला विषय प्रभूच्या येण्याचा आहे, कुणाच्या एखाद्या विनंतीचा नाही, हे खरं. पण शब्दाचा मुद्दा तोच. 'वेळ लागतो आहे' म्हटलं तर कुणावर ठपका येत नाही. तरीही तुम्ही रागाने 'उशीर' म्हणालात तर मी व्याकरण काढणार नाही. स्तोत्र १३ च्या पहिल्या दोन ओव्यांत 'कोठवर?' हा प्रश्न चार वेळा आहे, आणि तो कुणी खोडून टाकलेला नाही.

'वाट पाहणे' ही मात्र मला सगळ्यांत बरी वाटते. प्रतीक्षा थोडी पुस्तकी आहे. वाट पाहताना नजर घड्याळावर नसते, ज्याच्याकडून कुणी यायचं त्या रस्त्यावर असते. हिब्रूत वाट पाहण्याचं एक क्रियापद 'कावा' आहे. त्याच्याशी जोडलेलं नाम 'तिक्वा' म्हणजे आशा; पण यहोशवाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात यरीहो नगरातली राहाब आपल्या बचावाची खूण म्हणून खिडकीला जो किरमिजी दोर बांधते त्यालाही तिक्वाच म्हटलं आहे. दोन्ही शब्दांचं मूळ एकच की वेगळं, यावर वाद घालता येईल. मला तो दोर आवडतो, कारण तो बांधून झाल्यावर घरच्यांना जवळ घेऊन वाट पाहण्याखेरीज तिला फारसं काही करायचं नव्हतं.

तर तुमच्यासाठी पर्याय. छापील वाक्य बदलू नका. कुणाला समजावून सांगायचं असेल तर 'प्रार्थनेला धरून राहा' असं सांगा. विषयाला धरून बोलतो, नियमाला धरून वागतो, त्यातलं हे 'धरून'. तत्परचा जुना अर्थ त्यात बऱ्यापैकी येतो, आणि घाईची शंका कुणाला येत नाही.