जबरी चोरीला एवढीच शिक्षा? अपिलाबद्दल तुमचे प्रश्न

"आरोपीला शिक्षा फारच कमी लागली, आता काय करू?" हे विचारणारे इतके मेसेज पडलेत की सगळ्यांना एकदमच उत्तर देतोय.

प्रश्न: कलमात १० वर्षं लिहिलीत, कोर्टाने दोनच दिली. असं कसं?
१० ही कमाल मर्यादा आहे. शिवाय निकाल जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टाचा असेल तर त्यांना ३ वर्षांच्या वर देताच येत नाही.

प्रश्न: चाकू दाखवून आईचं मंगळसूत्र ओढलं. दोषारोप जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३९७ चा (हत्यार वापरून जबरी चोरी) होता, शिक्षा ३९२ (जबरी चोरी) खाली ३ वर्षं. मी अपील करू का?
फक्त शिक्षा कमी म्हणून पीडिताला अपील नाही, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये परविंदर कन्सल केसमध्ये हे स्पष्ट केलंय. तो हक्क सरकारचा, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) कलम ३७७, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं ४१८. पण तुमच्या केसमध्ये एक गोष्ट वेगळी आहे. ३९७ मध्ये ज्याने हत्यार वापरलं त्याला किमान ७ वर्षं असतात, आणि चाकू समोर धरून धाक दाखवणं हेही वापरणंच. ते कलम सुटून ३९२ च उरलं असेल तर "कमी गुन्ह्यात दोषी धरलं" हा मुद्दा घेऊन पीडिताला स्वतः अपील मागता येतं. मात्र ३९७ हा वेगळा गुन्हा की नुसतं शिक्षेचं कलम यावर वाद होतो, म्हणून आधी वकिलाला निकालपत्र दाखवा. आणि पीडित आई आहे, तुम्ही नाही, सही तिची लागेल.

आता माझं नेहमीचं रडगाणं. सेशन्सच्या निकालावर सरकारला हायकोर्टात जायला ६० दिवस, मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सेशन्सला ३०. लोक "सरकारी वकील बघतो म्हणालेत" एवढ्यावर निवांत बसतात, तिकडे फाईल टेबलावरून टेबलावर फिरते आणि मुदत संपल्यावर माझ्याकडे येतात. निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाका, सरकारी वकिलांना लेखी विनंती द्या आणि पोच घ्या, तोंडी काही नको. नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, तुमच्या टाळाटाळीचे दिवस होत नाहीत. विलंब माफीचा अर्ज असतो हो, पण प्रत्येक दिवसाचं कारण विचारतात तेव्हा घाम फुटतो.

प्रश्न: आरोपीने अपील केलंय, तिथेच शिक्षा वाढेल ना?
नाही. त्याच्या अपिलात वाढवता येत नाही. उलट सरकारने वाढीचं अपील केलं की त्याला त्यातच सुटका मागता येते, हे धरूनच उतरा.

प्रश्न: निकालाआधी कच्च्या कैदेत काढलेले दिवस शिक्षेत धरतात?
धरतात.

प्रश्न: एकजण म्हणतो, पैसे द्या, वर्षं वाढवून आणतो.
एक रुपया देऊ नका. वकील असेल तर त्याहून लांब राहा.

प्रश्न: मंगळसूत्र परत कधी?
निकालाच्या शेवटच्या पानावर मुद्देमालाचा आदेश असतो, तो वाचा. साधारण दोन महिने थांबावं लागतं, अपील लागलं तर ते संपेपर्यंत. बॉण्ड देऊन आधी मिळू शकतं का, ते तुमच्या वकिलाला विचारा.