वर्षाची बेगमी: नव्या सुनेला चार गोष्टी

अगं, सगळं एकदम भरायला जाऊ नकोस. पहिल्या वर्षी ज्वारी, हळद आणि चटणी, म्हणजे आपला वर्षभराचा तिखट मसाला, एवढंच धर.

शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, होळीच्या सुमारास बाजारात येतो. पावसाळ्यात किलोकिलोनं आणण्यापेक्षा तेव्हाच घे. दोन-तीन कडक उन्हं दे, पण तापलेलं धान्य लगेच कोठीत ओतू नकोस. रात्रभर गार होऊ दे, नाहीतर आत घाम धरतो आणि किडे होतात. कडुनिंबाचा पाला घालायचाच तर पूर्ण वाळलेला.

सांगलीत राहून पुडीतली हळद कशाला? हळकुंडं घे. मोडताना कट्‌ आवाज आला पाहिजे. वाकलं तर ओलं आहे. लागेल तशी थोडी थोडी दळून आण, वास टिकतो.

चटणीला रंगासाठी ब्याडगी मिरची, तिखटासाठी संकेश्वरी. खोबरं सुकंच हवं, आणि कांदा कुरकुरीत होईस्तोवर तळ. तिथं घाई केलीस तर बुरशी आलीच. प्रमाण मला विचारू नकोस, प्रत्येक घरचं वेगळं. डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीवर, जाताना सासूबाईंनाच सोबत ने (तिथल्या गप्पा फुकट), आणि त्यांची चिनी मातीची बरणीही मागून घे. प्लॅस्टिकच्या डब्याला तेलाचा वास धरतो.