ब्रिस्बेनमधलं टाऊनहाउस विकायचं आहे. नव्या कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने आधी कोणती माहिती तयार ठेवायची?

"एजंट म्हणतो, सगळं मी बघतो" हे तुमचं वाक्य वाचून हसू आलं. आमचाही अगदी हेच म्हणाला होता. तुमचं टाऊनहाउस तीन वर्षं भाड्याने होतं, आता विकायचंय आणि 1 ऑगस्ट 2025 पासून आपल्या क्वीन्सलँड राज्यात आलेल्या कायद्यासाठी काय जमवायचं ते कळत नाहीये, असं तुम्ही लिहिलंय. आम्ही 2025 च्या नोव्हेंबरात आमचं घर विकलं, म्हणजे नव्या कायद्याखालीच. मी वकील नाही, पण या कागदांमागे दोन महिने धावले आहे.

सगळ्यात आधी एक सांगते: दारात 'फॉर सेल'ची पाटी लागायच्या आधी सॉलिसिटर, म्हणजे वकील गाठा. सिडनी-मेलबर्नसारखे कन्व्हेयन्सर, म्हणजे फक्त घरविक्रीचे कागद करणारे, इथे नसतात, हे काम सॉलिसिटरच करतात. जुन्या सवयीने लोक आधी एजंट, मग फोटो, मग ओपन होम (गिऱ्हाइकांना घर बघायला खुलं ठेवणं) आणि ऑफर आली की वकील, या क्रमाने जातात. आता तो क्रम अंगाशी येतो.

कारण असं. प्रॉपर्टी लॉ ॲक्ट 2023 खाली 'फॉर्म 2' नावाचं निवेदन आणि त्याला जोडायचे दाखले घेणाऱ्याच्या हातात त्याने करारावर सही करण्याआधी पडले पाहिजेत. सहीनंतर नाही, सहीबरोबर घाईघाईतही नाही. दिले नाहीत, तर सेटलमेंटच्या, म्हणजे पैसे देऊन घर नावावर होण्याच्या आदल्या दिवशीसुद्धा घेणारा करार मोडून डिपॉझिट परत घेऊ शकतो. दिले, पण एखाद्या महत्त्वाच्या बाबीत चूक निघाली, त्याला खरी स्थिती ठाऊक नव्हती आणि ठाऊक असती तर त्याने सहीच केली नसती, असं असेल तरी तेच. तुम्ही मात्र तोवर पुढच्या घराचे पैसे भरून बसलेले असता. शिवाय फॉर्मवर सही तुमची. एजंट फार तर तो पोचवेल, चुकीचा भार तुमच्यावरच.

आपल्याकडे पुण्यात रिसेलचा फ्लॅट घेताना सर्च रिपोर्ट काढायचा तो घेणाऱ्याने, वकीलही त्याचाच. इथेही बरीच वर्षं 'घेणाऱ्याने बघून घ्यावं' असाच खाक्या होता. आता त्यातला मोठा भाग विकणाऱ्याकडे आलाय.

आमची फजिती सांगते. फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे, जागेवर कायद्याने आलेला काही बोजा आहे का, म्हणजे सरकारी पाइप, विजेच्या तारा वगैरे. मी जेवणाच्या टेबलावर बसून बिनधास्त 'नाही' ठोकलं. सॉलिसिटरच्या ऑफिसातल्या मुलीचा फोन आला, "मागच्या अंगणातून सांडपाण्याची सूअर लाइन जातेय, नकाशात दिसतेय." मी म्हटलं, छे! मग नवऱ्याने मागे जाऊन कढीपत्त्याची कुंडी सरकवली. खाली मॅनहोलचं गोल झाकण. ती कुंडी तिथे नऊ वर्षं होती, आणि ठेवली होती मीच, ते झाकण दिसू नये म्हणून! पार विसरून गेले होते.

फॉर्म दुरुस्त केला, नकाशा जोडला. पहिल्या ओपन होमला आलेल्या एका जोडप्याला नेमका तिथेच स्विमिंग पूल करायचा होता. त्यांनी नकाशा पाहिला आणि नाही म्हणून कळवलं. एजंटचं तोंड उतरलं. मला मात्र हायसं वाटलं. हेच त्यांना सही झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात कळलं असतं तर?

तुमच्याकडे मागे पाइप नसेल, पण भाडेकरू होता. गेल्या 12 महिन्यांत घर भाड्याने होतं का आणि शेवटची भाडेवाढ कोणत्या तारखेला झाली, हे फॉर्ममध्ये लिहावं लागतं. इथे भाडं 12 महिन्यांतून एकदाच वाढवता येतं आणि ती मर्यादा आता भाडेकरूला नाही, घराला लागू आहे. म्हणून नव्या मालकाला ती तारीख हवी असते. अंदाजाने लिहू नका, प्रॉपर्टी मॅनेजरकडून लेखी घ्या. भाडेकरू अजून राहत असेल तर त्याच्या कराराचे तपशीलही द्यावे लागतील.

टाऊनहाउस म्हणजे बॉडी कॉर्पोरेट आलं. आपली सोसायटीच समजा, फक्त सेक्रेटरी काकांच्या जागी फी घेणारी कंपनी. त्यांच्याकडून बॉडी कॉर्पोरेट सर्टिफिकेट घ्यायचं, त्यासोबत कम्युनिटी मॅनेजमेंट स्टेटमेंटची, म्हणजे कॉम्प्लेक्सच्या नियमावलीच्या कागदाची प्रत. मागितल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असा नियम आहे. माझ्या एका मैत्रिणीने ते मागवलं शनिवारी गिऱ्हाईक मिळाल्यावर. पुढच्या शनिवारपर्यंत गिऱ्हाईकाने दुसरीकडे सही केलेली! कॉम्प्लेक्समध्ये स्विमिंग पूल असेल तर त्याचा सेफ्टी दाखलाही विचारा. सामायिक पूलचा दाखला एकाच वर्षाचा असतो, त्यामुळे संपलेला निघण्याची शक्यता बरीच.

टायटल सर्च (मालकीची नोंद), प्लॅन (जागेचा नकाशा), झोनिंग (जागा कशासाठी वापरता येते), रेट्सचं म्हणजे घरपट्टीचं बिल, पाण्याचं बिल, रस्त्यासाठी जागा जाणार आहे का, दूषित जमिनीच्या यादीत किंवा हेरिटेज यादीत नाव आहे का, कौन्सिलची (इथल्या महापालिकेची) एखादी नोटीस किंवा शेजाऱ्याशी झाडावरून निघालेला आदेश आहे का, हे सगळं सॉलिसिटर शोधतो. आम्हाला यात त्रास झाला नाही. एक मात्र आमचंच होतं: 2021 मध्ये नवऱ्याने ओनर-बिल्डर परमिट (आपलं बांधकाम आपणच करायची परवानगी) काढून मागे डेक बांधला होता. गेल्या सहा वर्षांत असं काम झालं असेल तर ते सांगावं लागतं आणि वेगळी नोटीस द्यावी लागते. तुम्ही तसं काही केलं असेल तर आत्ताच आठवा.

आणि कागद शिळे होतात. आमचं घर सात आठवडे रेंगाळलं, मधेच तिमाहीचं नवं रेट्स बिल आलं. फॉर्म पुन्हा भरून पुन्हा सही. घेणाऱ्याला देताना तो बरोबर असला पाहिजे, तुम्ही सही केली त्या दिवशी बरोबर होता हे पुरत नाही. करार झाल्यावर मात्र तो बदलत बसावा लागत नाही. लिलाव करणार असाल तर लिलाव सुरू व्हायच्या आधी बोली लावणाऱ्यांना तो मिळालेला हवा.

आता पूर. ब्रिस्बेनमध्ये घर बघायला आलेला माणूस स्वयंपाकघराआधी 2011 आणि 2022 च्या पुरांबद्दल विचारतो. गंमत म्हणजे पुराचा इतिहास फॉर्म 2 मध्ये येतच नाही. वाळवी, बांधकामाची मजबुती, ॲस्बेस्टॉस, बांधकामाच्या परवानग्या, यातलंही काही नाही, आणि तसं फॉर्मवरच छापलंय. कायद्याचा हा भाग मला अर्धवट वाटतो. ज्याच्यामुळे लोकांची झोप उडते तेच बाहेर! ब्रिस्बेन कौन्सिलचा फ्लडवाइज रिपोर्ट, म्हणजे त्या जागेला पुराचा धोका किती ते सांगणारा कागद, फुकट मिळतो. आम्ही तो छापून टेबलावर ठेवला होता. तुम्हीही ठेवा, आणि कुणी थेट विचारलं तर खरं ते सांगा.

फॉर्मबाहेरच्या दोन गोष्टी. स्मोक अलार्म: विकताना प्रत्येक बेडरूममध्ये, एकमेकांना जोडलेले, फोटोइलेक्ट्रिक प्रकारचे हवेत. भाड्याने दिलेल्या घरात ते बहुधा बसवलेले असतात, तरी बघा. दुसरं, तुम्ही करासाठी ऑस्ट्रेलियाचे रहिवासी असाल तर एटीओकडून, म्हणजे इथल्या कर खात्याकडून, तसं क्लिअरन्स सर्टिफिकेट आधीच काढा. 1 जानेवारी 2025 पासून ते नसेल तर किमतीच्या 15 टक्के रक्कम कापून घेणारा ती एटीओकडे भरतो, घर कितीही किमतीचं असो. अर्ज ऑनलाइन होतो, पण कधी कधी महिनाभर लागतो.

आज दोनच ईमेल करा. एक प्रॉपर्टी मॅनेजरला, शेवटच्या भाडेवाढीची नोटीस मागा. दुसरा बॉडी कॉर्पोरेट मॅनेजरला, सर्टिफिकेटची फी किती आणि पूलचा दाखला कधी संपतो ते विचारा. त्यांचा पत्ता लेव्हीच्या, म्हणजे बॉडी कॉर्पोरेटच्या वर्गणीच्या नोटिशीवर असतो.