जनगणनेतून बेळगावचा भाषानकाशा काढायचाय? आधी एकच तालुका घ्या

अख्ख्या ब्रिटिश साम्राज्याचा नकाशा नंतर. आधी खानापूर घ्या, 1881, 1901, 1931 अशा तीन जनगणना घ्या आणि साध्या वहीत तक्ता मांडा: साल, हद्द, विचारलेला प्रश्न, बोलणाऱ्यांचा आकडा, टक्केवारी. टक्केवारी एकटी कधीच लिहू नका.

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक हद्दीची. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत चंदगड बेळगाव जिल्ह्यातून निघून कोल्हापुरात गेलं. म्हणून 1951 आणि 1961 चे जिल्ह्याचे आकडे थेट शेजारी ठेवले, तर मराठी भाषकांचा वाटा माणसं न हलताही घटलेला दिसतो. आधी चंदगड जुन्या आकड्यातून वजा करा, मगच तुलना. संस्थानी गावंही तशीच तपासा. रामदुर्ग तेव्हा वेगळं संस्थान होतं.

दुसरं, प्रश्न बदलत गेला. 1881 ला मातृभाषा, 1901 ला नेहमी वापरातली भाषा, 1931 ला पुन्हा मातृभाषा, सोबत दुय्यम भाषाही. आपल्याकडे घरात एक आणि बाजारात दुसरी बोलणारे किती, हे तुम्हाला सांगायला नको! त्या दुय्यम भाषेच्या रकान्यात खरा सीमाभाग सापडतो, तो सोडू नका.

जात किंवा धर्म म्हणजे भाषा नव्हे. इथले जैन कानडीही बोलतात, मराठीही.

1941 सध्या बाजूला ठेवा, युद्धामुळे तेव्हाचे बरेच तक्ते छापलेच गेले नाहीत. बेळगावच्या लष्करी छावणीची लोकसंख्याही वेगळी काढा. पलटण बदलली की आकडा बदलतो.

खानापूरचा तक्ता झाला की चिकोडीला हात घाला.